गुंजन, मी आणि गोठ्यातला हौद

मित्रांनो, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझे चित्र असते. परीक्षेत ते काढायला सांगतात, बाण ओढून भागांची नावे लिहायला लावतात आणि त्याचे गुणही देतात. पण ज्याला बाण लागले त्याची विचारपूस कोणी करत नाही. म्हणून आज मीच बोलायचे ठरवले. मी बाभुळगावचा जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या पायावरचा काळा रंग जागोजागी उडाला आहे. माझ्या खालच्या दोन भिंगांपैकी आता एकच नीट चालते. नव्या सूक्ष्मदर्शकांसारखा माझ्यात दिवा नाही. खाली एक गोल आरसा आहे, तो खिडकीकडे वळवला की उजेड नळीतून वर चढतो. आभाळ भरून आले की मला कमी दिसते. म्हातारपण म्हणा हवे तर.

माझा जन्म इथून फार दूर, अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. लोखंड ओतून माझा पाय घडवला, पितळेची नळी कातली, आणि एका कारागिराने भिंगे पुसून त्या नळीत बसवली. त्याने एक डोळा मिटून माझ्यातून पाहिले, समाधानाने मान हलवली आणि मला लाकडी पेटीत ठेवून वर पेंढा भरला. एवढेच माझे बारसे. पुढे रेल्वेने, मग एसटीच्या टपावरून मी बाभुळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात येऊन पोहोचलो.

तिथे रत्नप्रभाबाई नावाच्या जीवशास्त्राच्या नव्या शिक्षिका होत्या. त्यांना इतकी घाई झाली होती, की शिपाई हातोडी आणेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. पेटीचे खिळे त्यांनी स्वतःच उचकटले आणि मला दोन्ही हातांनी उचलून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले. त्या दिवशी शेवटचा तास संपला तरी त्या घरी गेल्या नाहीत. खिडकीतल्या कुंडीतले पान, स्वतःचा केस, साखरेचा दाणा, जे हाताला लागेल ते त्या माझ्याखाली ठेवून पाहत होत्या.

त्यानंतरची वर्षे माझ्या भराची वर्षे होती. मुले-मुली रांग लावून यायची. कुणी आसपासच्या खेड्यांतून सायकलने आलेले असायचे, कुणाच्या चपलांना शेतातली काळी माती चिकटलेली असायची. पहिल्यांदा डोळा लावला की प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा, "बाई, काहीच दिसत नाही." कारण त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसत. बाई मागे उभ्या राहून हळूच सांगायच्या, घाई करू नको, डोळा थोडा वर घे, आता तो बारीक स्क्रू फिरव. मग एकदम ते मूल गप्प व्हायचे. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी त्याला दिसलेल्या असायच्या, भिंतीतल्या विटांसारख्या ओळीने लावलेल्या. मित्रांनो, त्या गप्प होण्यात माझे सगळे कौतुक होते.

पण काळ बदलला. विद्यार्थ्यांची नावे आमच्या महाविद्यालयात असायची आणि विद्यार्थी मात्र नांदेडला, लातूरला, कुठल्या कुठल्या शिकवण्यांना बसलेले असायचे. प्रयोगवह्या एकमेकांच्या पाहून भरल्या जाऊ लागल्या. एक दिव्याचा सूक्ष्मदर्शक नवा आला, पण त्याच्यावरचे प्लास्टिकसुद्धा कुणी काढले नाही. मी कपाटाच्या खालच्या खणात गेलो. ओल आली, भिंगांवर बुरशी चढली. बाई निवृत्त झाल्या, आणि पुढच्या वर्षी कपाट रिकामे करताना मला मोडक्या स्टुलांच्या ढिगात व्हरांड्यात टाकले गेले.

बाईंना हे कळले तेव्हा त्या स्वतः आल्या आणि प्राचार्यांना विचारून मला घेऊन गेल्या. ऑटोत त्यांनी मला मांडीवर धरले होते आणि वर पदर टाकला होता. घरी नेऊन त्यांनी मला दुरुस्त करायचे ठरवले होते. पण त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांचे ऑपरेशन झाले, गुडघे दुखू लागले, आणि मी पेटीसकट खोलीतल्या कपाटावर जाऊन बसलो. बाई एकट्या राहत. मी वरून त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या कोकिळाबाईंच्या गप्पा ऐकत होतो. आपले काम संपले, असे मी धरून चाललो होतो.

मग त्या घरात गुंजन आली.

गुंजन म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ यज्ञेश्वरराव यांची मुलगी. ते यवतमाळला पाटबंधारे खात्याच्या कचेरीत नोकरीला आहेत. ही मुलगी लहानपणापासून हुशार. दहावीला ती शाळेत पहिली आली तेव्हा त्यांच्या चौकात तिच्या फोटोचा भला मोठा फलक लागला होता. गुंजन डॉक्टर होणार हे घरात, गल्लीत, नातेवाइकांत सगळ्यांनी ठरवून टाकले होते, आणि तिनेही. बारावीनंतरच्या वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत थोडे गुण कमी पडले. मग ती वर्षभर नांदेडला खोली घेऊन शिकवणीला राहिली. दुसऱ्या वेळीही गुण पुरले नाहीत. तरी कुठेतरी जागा मिळेल या आशेवर ती प्रवेशाच्या याद्यांची वाट पाहत राहिली. याद्या लागत गेल्या. तिचे नाव कुठल्याच यादीत आले नाही.

तेव्हापासून ती बोलेनाशी झाली. मैत्रिणींचे फोन घेणे तिने बंद केले. घरी कुणी आले की ती आतल्या खोलीत जाऊन बसे. आई समजावून थकली आणि शेवटी म्हणाली, थोडे दिवस आत्याकडे जा. म्हणून ती बाभुळगावला आली होती.

आली, आणि माझ्या कपाटाशेजारच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बाई ताट आणून ठेवत आणि ते बरेचसे तसेच परत नेत. कोकिळाबाई दूध घेऊन यायच्या. त्यांची आणि त्यांचे यजमान पुंडलिकराव यांची कपाशी, तूर आहे, दारात बैलजोडी आणि एक म्हैस आहे. बाईंच्या परसाला लागूनच त्यांचा गोठा. त्यांनी एकदा दारातूनच डोकावून विचारले, "काय झालं पोरीले? दिवसभर काहून निजून राह्यते?"

बाई त्यांना बाहेर घेऊन गेल्या आणि सांगितले, तिला काही विचारू नका, उपदेशही करू नका. येत जा, बोलत जा, दुसरे काहीही बोला.

स्वतः बाईंनीही तेच केले. पुढे काय, हा प्रश्न त्यांनी तिला एकदाही विचारला नाही. संध्याकाळी त्या तिच्याजवळ भाजी निवडत बसत. यज्ञेश्वररावांचा फोन आला की त्या अंगणात जाऊन बोलत, पण आवाज आत येतच असे. आणखी एक वर्ष देऊ तिला, शिकवणीवाल्यांशी बोललो आहे, असे ते म्हणत असावेत, कारण बाई उत्तर देत, "अरे, आधी ती नीट जेवू तर दे." हे ऐकले की गुंजन पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची.

पोळा जवळ आला होता. पुरणासाठी बाईंना मोठे पातेले हवे होते आणि ते कपाटावर होते. गुडघ्यांमुळे त्यांना स्टुलावर चढता येत नव्हते, म्हणून त्यांनी गुंजनला हाक मारली. ती नाइलाजाने उठली, स्टुलावर चढली आणि पातेल्याबरोबर तिने माझी पेटीही खाली काढली. तिने मला बाहेर काढून खिडकीशी नेले आणि डोळा लावला. आत नुसते धुके होते.

"आत्या, हा तुझा आहे?"

"कॉलेजातला आहे. भिंगांवर बुरशी चढली त्याच्या."

गुंजन मला फिरवून फिरवून पाहत राहिली. बाईंनी तिच्यापुढे जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा ठेवला, कापूस ठेवला, स्पिरिटची बाटली आणि शिलाई मशीनचे तेल ठेवले.

"करून पाहायचं असेल तर पाहा. नाही जमलं तर तसाच ठेवून दे," एवढे म्हणून त्या पिशवी घेऊन बाजारात निघून गेल्या.

नाही जमले तरी चालेल, असे त्या मुलीला बऱ्याच दिवसांत कुणी म्हटले नव्हते. तिने माझे भिंग फिरवून काढायचा प्रयत्न केला. ते गंजून घट्ट झाले होते. तिने तेलाचा थेंब सोडला, वाट पाहिली, पुन्हा फिरवले. मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझा सांधा हलला तेव्हा मला काय वाटले ते तुम्हाला कसे सांगू? तिने भिंगे एकेक करून हलक्या हाताने पुसली, आरशावरची धूळ काढली, नळीतले कोळ्याचे जाळे काडीने ओढून काढले. मोठ्या ताकदीचे भिंग काही केल्या स्वच्छ झाले नाही, बुरशीने त्याची काचच खाल्ली होती. लहान भिंग मात्र उजळले. बाई परत आल्या तेव्हा गुंजनच्या नाकाला तेल लागले होते आणि तिने झाकून ठेवलेली भाकर शोधून खाल्लेली होती. बाईंनी रिकामे ताट पाहिले आणि उचलले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सुचवले, कोकिळाबाईंच्या गोठ्यातल्या हौदाचे पाणी आण थोडे, त्यात काही ना काही असतेच. गुंजन वाटीत हिरवट पाणी घेऊन आली. काचपट्टीवर एक थेंब ठेवून तिने माझा आरसा उजेडाकडे वळवला. आधी तिला पापण्याच दिसल्या असणार, कारण ती दोनदा डोळा काढून चोळत होती. मग तिने बारीक स्क्रू अगदी सावकाश फिरवला आणि तिचा हात थांबला.

"आत्या, इकडे ये. हे चालून राह्यलं."

बाई हात पुसत आल्या. "चालणारच. जिवंत आहे ते."

"पॅरामेशियम आहे का गं?"

"तूच सांग. मला आता एवढं बारीक कुठं दिसतं."

गुंजन त्या एकपेशीय जिवाकडे पाहत राहिली आणि बाईंना सांगत राहिली. चपलेच्या तळव्यासारखा आकार आहे. अंगभर बारीक केसांची झालर हलते आहे. स्वतःभोवती फिरत पुढे जाते, शेवाळाचा धागा आडवा आला की मागे सरते, थोडे वळते आणि पुन्हा पुढे जाते. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. ती खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसली.

"याच्यावरचे किती प्रश्न सोडवले मी," ती म्हणाली. "डोळे मिटून याचं चित्र काढते. पण ते असं फिरतं, अडलं की असं मागे येतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. दोन वर्षं मी कशाचा अभ्यास करत होती आत्या?"

आणि ती रडायला लागली. निकाल लागल्यापासून ती रडली नव्हती, हे तिच्या आईने बाईंना सांगितले होते. त्याचीच घरात जास्त काळजी होती. बाई गुडघे धरत तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. सगळे ठीक होईल वगैरे त्या म्हणाल्या नाहीत.

"सगळ्यांना वाटत होतं मी डॉक्टर होणार," गुंजन हुंदके देत म्हणाली. "आता मी कोण आहे तेच मला समजत नाही."

"ते आज समजलंच पाहिजे असं काही नाही," बाई म्हणाल्या. "आज मला उठायला हात दे. एकटीनं उठता येत नाही मला इथून."

मित्रांनो, पाण्याच्या एका थेंबाने माणसाचे दुःख वाहून जात नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी गुंजन पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि तिसऱ्या दिवशीही. पण आता ती मधूनच उठून माझ्याकडे येई, नवा थेंब ठेवी, थोडा वेळ पाही. कधी तुरीचे पान, कधी कपाशीच्या फुलातले पराग, कधी खिडकीत मरून पडलेल्या पतंगाचे पंख ती माझ्याखाली ठेवू लागली.

एकदा दूध घेऊन आलेल्या कोकिळाबाईंना तिने बोलावले आणि माझ्यातून पाहायला सांगितले. कोकिळाबाईंनी आधी नको नको म्हटले, मग पदर सावरून डोळा लावला. बराच वेळ काही दिसेना. दिसले तेव्हा त्या झटक्याने मागे सरल्या.

"हे माह्या हौदातलं पाणी हाय?"

गुंजनने हो म्हटले.

"आन हेच माहे बैल पिऊन राह्यले? पोळ्याच्या तोंडावर?"

हे जीव बैलांना काही करत नाहीत, असे गुंजनने त्यांना परोपरीने सांगितले, पण त्यांनी ऐकले नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी हौद उपसला आणि चुना टाकून घासायला घेतला. गुंजन खिडकीतून पाहत होती. थोड्या वेळाने तीही गेली, आणि दोघींनी मिळून हौद पांढराशुभ्र केला. ती परत आली तेव्हा तिचे कपडे ओले होते आणि ती हसत होती. त्या घरात मी ऐकलेले तिचे ते पहिले हसू. पोळा झाला. सजवलेले बैल बाईंच्या दारात आले तेव्हा गुंजननेच त्यांना पुरणपोळी भरवली. आता हौदात पाहण्यासारखे काही उरले नाही, अशी तिने कुरकूर केली, तर कोकिळाबाईंनी एका फुटक्या मडक्यात जुने पाणी राखून ठेवले होते. "तुह्यासाठी घाण पाणी ठेवलं पाह्य," म्हणत त्यांनी ते परसात आणून ठेवले.

शिक्षक दिनाला बाईंना बोलवायला अनिमेष सर आले. ते एकेकाळी बाईंचेच विद्यार्थी होते, माझ्यापुढच्या रांगेत उभे राहिलेले, आणि आता त्याच महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात. खिडकीत मला पाहताच चहा विसरून ते आधी माझ्याकडे आले. मुलांना हे दाखवायला याल का, असे त्यांनी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, माझे डोळे आता त्या कामाचे नाहीत, याला आता गुंजनच ओळखते, तिलाच विचार.

गुंजनने लगेच हो म्हटले नाही. मला कारण कळत होते. तिथे मुले असणार, आणि मुले प्रश्न विचारतात. बाईंनी आग्रह केला नाही. मग एके दिवशी गुंजननेच मला पेटीत ठेवले, पेंढ्याऐवजी भोवती आपली ओढणी गुंडाळली, आणि आम्ही ऑटोने निघालो.

माझ्या जुन्या प्रयोगशाळेचे कुलूप उघडले तेव्हा आत पाकोळ्यांचा वास होता. अनिमेष सरांनी खिडक्या उघडल्या. अकरावीची मुले-मुली जमली. गुंजन आधी हळू आवाजात बोलत होती, मग तिचा आवाज मोकळा झाला. घाई करू नका, आधी आपल्याच पापण्या दिसतात, असे ती त्यांना सांगू लागली. शिकवता शिकवता ती विसरली होती, की आपल्याला कशाची भीती वाटते.

तेवढ्यात रांगेतल्या समीक्षा नावाच्या मुलीने विचारले, "ताई, तुम्ही एमबीबीएसला कुठं आहात?"

विचारण्यात काही वाकडे नव्हते. सरांनी गुंजनची ओळख हुशार विद्यार्थिनी अशी करून दिली होती, त्यावरून तिने तसा समज करून घेतला. पण गुंजनचा हात माझ्या स्क्रूवर होता आणि तो एकदम गार पडला. अनिमेष सर काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होते. त्याआधीच गुंजन बोलली.

"मला प्रवेश नाही मिळाला. दोनदा परीक्षा दिली. दोन्ही वेळा गुण कमी पडले."

वर्गात सगळे तिच्याकडे पाहत होते. हे वाक्य तिने आजवर आईजवळ, मैत्रिणींजवळ, आत्याजवळसुद्धा उच्चारले नव्हते. ते कधी बोलावे लागले तर काय होईल याचीच तिला इतके दिवस धास्ती होती.

"अच्छा," समीक्षा म्हणाली. मग रांगेकडे पाहून तिने विचारले, "ताई, आता माझा नंबर आहे ना?"

गुंजन बाजूला सरकली आणि म्हणाली, "हो, ये." समीक्षाने डोळा लावला आणि पुटपुटली, काहीच दिसत नाही. गुंजनने तिचा हात धरून स्क्रूवर ठेवला. तो हात आता गार नव्हता. परतताना ऑटोत तिने मला मांडीवर घेतले होते आणि ती बाहेर पिवळ्या पडू लागलेल्या सोयाबीनकडे पाहत कसलेसे गाणे गुणगुणत होती.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही जाऊ लागलो.

पण खरी परीक्षा पुढेच होती. एका रविवारी यज्ञेश्वरराव आले. ते चहा पीत बाईंशी इकडचे तिकडचे बोलले आणि मग त्यांनी विषय काढला. नांदेडची नवी तुकडी सुरू होते आहे, जागा धरून ठेवायला सांगितली आहे, तिसऱ्यांदा नक्की होईल. ते हे सगळे कपाकडे पाहून बोलत होते. गुंजन ऐकत होती. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

गुंजन उठली आणि म्हणाली, "बाबा, एकदा इथं बसता? यातून पाहा."

ते माझ्यापुढे येऊन बसले. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळा लावला. काही दिसत नाही, म्हणाले. गुंजन त्यांच्या मागे उभी राहिली, त्यांचा हात धरून बारीक स्क्रूवर ठेवला आणि हळूहळू फिरवून दिला. त्यांना दिसल्याचे मला कळले, कारण ते गप्प झाले.

"बाबा," गुंजन मागून म्हणाली, "मला परत क्लासला नाही जायचं."

यज्ञेश्वररावांनी डोळा वर केला नाही. ते पाहत होते की नुसते वाकून बसले होते, कोण जाणे. त्यांची पापणी माझ्या भिंगाला घासत होती. आयुष्यभर कचेरीत मान ताठ ठेवून काम केलेला तो माणूस माझ्या नळीत तोंड लपवून बसला होता.

"मला वाटलं," ते तसेच खाली पाहत म्हणाले, "मी थांब म्हटलं तर तू म्हणशील, बाबांचा माझ्यावरचा भरोसा उडाला. म्हणून मी एक वर्ष, एक वर्ष करत होतो. तुला तेच पाहिजे असं वाटलं मला."

"आणि मला वाटलं, मी थांबते म्हटलं तर तुम्हाला वाटेल, पोरगी हरली."

"असं कसं वाटेल बेटा?"

दारातून बाई म्हणाल्या, "एका घरात राहता ना रे दोघं?"

यज्ञेश्वररावांनी मान वर केली तेव्हा माझे वरचे भिंग ओले झाले होते. गुंजनने ते साडीच्या तुकड्याने पुसले. मग बापलेक परसात जाऊन बसले आणि बराच वेळ बोलत राहिले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही. पण थोड्या वेळाने गुंजन त्यांना ते फुटके मडके दाखवत होती आणि ते गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून त्या घाण पाण्याकडे मोठ्या आदराने पाहत होते.

यवतमाळच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या काही जागा अजून रिकाम्या होत्या. गुंजनने तिथे प्रवेश घेतला. हे नाव तिच्या स्वप्नांत कधी नव्हते. सुरुवातीचे दिवस तिला जड गेले. बरोबरीच्या मुलींचे पांढऱ्या कोटातले फोटो दिसले की ती शनिवारी बाभुळगावला येऊन माझ्यापुढे नुसतीच बसायची. एकदा अशाच एका मैत्रिणीचा फोन आला, आणि या वेळी तिने तो घेतला. दोघी खूप बोलल्या. मैत्रीण तिकडे एकटी पडली होती, तिलाही कुणाजवळ तरी रडायचे होते. गुंजननेच तिला धीर दिला.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या शिक्षिकेबरोबर ती मारेगाव, केळापूरकडच्या गावांत जाऊन विहिरींच्या पाण्याचे नमुने आणते आणि तपासते. पुन्हा कधी डॉक्टरकीची परीक्षा द्यायची का, हे तिने अजून ठरवलेले नाही. कुणी विचारले तर ती सरळ सांगते, माहीत नाही. आणि मग समोरच्यालाच विचारते, तुमच्या गावच्या विहिरीचे पाणी कुठल्या रंगाचे आहे?

मी आता पुन्हा माझ्या प्रयोगशाळेत, अनिमेष सरांकडे राहायला आलो आहे. माझ्याशेजारी तो दिव्याचा सूक्ष्मदर्शकही आहे, त्याचे प्लास्टिक शेवटी निघाले. आम्हा दोघांपुढे रांग लागते.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाचा निकाल मनासारखा लागला नसेल, तर त्याला पुढे काय, असे सारखे विचारू नका. इतरांची उदाहरणे देऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्या हातात एखादे काम द्या, जे बिघडले तरी चालेल. आणि तुम्ही स्वतःच ते मूल असाल, तर जे झाले ते एकदा कुणाजवळ तरी मोठ्याने बोलून टाका. बोललात म्हणजे पाहाल, ऐकणाऱ्याच्या मनात तुम्ही समजता तेवढे काही येत नाही.

आणि एक विनंती आमच्यासाठी. तुमच्याही शाळेच्या एखाद्या कपाटात माझा एखादा भाऊ प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलेला असेल. त्याला ओलीपासून जपा, पण जपायचे म्हणून कोंडून ठेवू नका. त्या कपाटाची किल्ली बहुधा शिपाईकाकांकडे असते. उद्या मधल्या सुट्टीत जाऊन मागा.